तोडावे न लागणारे झाड



या व्याख्यानमालेत गेले काही दिवस आपण मोठमोठे विषय ऐकत आला आहात. इतिहास झाला, अर्थकारण झाले, अध्यात्मही झाले. आज माझ्या वाट्याला आलेला विषय त्या मानाने अगदीच लहान आहे. तो तीन फूट लांब, तीन फूट रुंद आणि तीन फूट खोल आहे. अंगणात झाड लावण्यासाठी जो खड्डा खणावा लागतो, त्याचे हे माप. या खड्ड्यापाशी आपण तासभर माझ्याबरोबर उभे राहावे, एवढीच विनंती आहे.

वसंत ऋतूत झाडांविषयी बोलायला वक्त्याला फारसे कष्ट पडत नाहीत. इकडे येताना रस्त्याच्या कडेला फुललेला बहावा आपण पाहिला असेल. घरोघरी आढीत आंबे पिकू लागले असतील. अशा वेळी झाडांची स्तुती करावी आणि टाळ्या घेऊन खाली बसावे, असा मोह मलाही होतो. पण झाडांची स्तुती आपल्याकडे उदंड झाली आहे. झाडे लावण्याचा उत्साहही आपल्या लोकांत कमी नाही. दर पावसाळ्यात रोपवाटिकांतून रोपे हातोहात जातात. प्रश्न आहे तो त्या रोपांचे पुढे काय होते, हा. काही पहिल्याच उन्हाळ्यात मरतात. काही वर्षानुवर्षे नुसतीच हिरवी राहतात, फूल नाही की फळ नाही. आणि जी उत्तम वाढतात, त्यांतली कित्येक आपण पंधरा-वीस वर्षांनी आपल्याच हाताने तोडतो. मला आज या तिसऱ्या प्रकाराविषयी विशेष बोलायचे आहे. मेलेल्या रोपाचे दुःख आठवडाभर टिकते. वाढवलेले झाड तोडल्याचे दुःख घरात फार वर्षे राहते.

माझ्या परिचयाच्या एका घरातली हकीकत सांगतो. त्या घरच्या आजींनी नव्या घरात राहायला आल्या वर्षी एक आंब्याची कोय परसात रुजवली. भिंतीपासून चार फुटांवर. जागा सोयीची होती. मोरीचे पाणी आपोआप तिकडे जाई. झाड जोमाने वाढले. दहा-बारा वर्षांत त्याची सावली गच्चीवर आली, मुलांचा झोका फांदीला लागला. बाविसाव्या वर्षी मात्र चित्र पालटले. कुंपणाची भिंत मुळांनी उचलली गेली होती, फांद्या विजेच्या तारांना भिडल्या होत्या, आणि एका वादळी रात्री मोठी फांदी शेजाऱ्यांच्या पत्र्यावर पडली. रीतसर अर्ज झाला, परवानगी आली, आणि एक दिवस माणसे करवत घेऊन आली. आजी दिवसभर आतल्या खोलीत बसून होत्या. संध्याकाळी मी गेलो तेव्हा त्या मला एवढेच म्हणाल्या, "अहो, मी लावले तेव्हा ते वीतभर होते हो."

या एका वाक्यात सारी चूक आली आहे. आपण झाड लावतो ते वीतभराचे. आणि जागाही वीतभराची पाहतो. त्या झाडाचे बाविसावे वर्ष आपल्या डोळ्यांसमोर नसते.

मघाशी मी अर्ज आणि परवानगी म्हणालो. आपल्यापैकी पुष्कळांना असे वाटते की आपल्या आवारातले झाड ही आपली मालमत्ता. लावले आपण, तोडू आपण. शहरांत तसे नाही. झाडांचे संरक्षण व जतन यासंबंधीचा नागरी क्षेत्रांसाठीचा कायदा आपल्या राज्यात 1975 सालापासून आहे, आणि स्वतःच्या आवारातले झाड तोडायलाही परवानगी लागते. 2021 साली त्या कायद्यात सुधारणा होऊन पन्नास वर्षे आणि त्याहून अधिक वयाच्या झाडांना वारसा म्हणून वेगळे स्थान मिळाले. मला हे योग्यच वाटते. पण त्याचा अर्थ असा की, झाड लावणे हा निर्णय लग्नासारखा आहे. विचार करायचा तो आधी.

पुढे त्या आजींनी मला विचारले, "आता त्या जागी काय लावू ते सांगा." मी त्यांना झाडाचे नाव सांगितले नाही. उलट तीन प्रश्न विचारले. तेच तीन प्रश्न आज मी आपल्यापुढे ठेवणार आहे. पहिला, हे झाड मोठेपणी केवढे होणार? दुसरा, ते मूळचे कुठले? आणि तिसरा, त्याचे कुळशील काय, म्हणजे ते बियांचे की कलमाचे, आणि त्याला जोडीदार लागतो की नाही?

पहिला प्रश्न घेऊ. झाड केवढे होणार हे कळण्याची एक सोपी युक्ती आहे. फळबाग लावणारा शेतकरी दोन झाडांमध्ये जे अंतर ठेवतो, तो त्या झाडाचा घेर समजावा. आणि घराच्या भिंतीपासून निदान त्याच्या निम्म्याने तरी दूर राहावे. आंबा आणि चिकू बागेत दहा-दहा मीटरांवर, म्हणजे तेहेतीस फुटांवर लावण्याची जुनी रीत आहे. तेव्हा भिंतीपासून सोळा फूट हवेत. नारळ साडेसात मीटरांवर लावतात. त्याला बारा फूट. पेरू आणि कागदी लिंबू सहा मीटरांवर. त्यांना दहा फूट पुरतात. सीताफळाला सात-आठ फुटांत भागते. आता आपापले अंगण डोळ्यांपुढे आणा. पुष्कळांना कळून येईल की आपल्याकडे जागा लिंबाची आहे आणि आपण मनात फणस धरून बसलो आहोत.

पण आंब्याची हौस ही काही साधी हौस नव्हे, हे मी जाणतो. लहान अंगणासाठीही आता मार्ग आहे. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत दशहरी आणि नीलम यांच्या संकरातून 'आम्रपाली' ही ठेंगणी जात तयार झाली. ती दाटीने, अडीच मीटरांवरसुद्धा लावतात आणि दरवर्षी फळ देते. वर्षाला काढणीनंतर छाटणी केली तर ती डोक्याच्या थोडी वर ठेवता येते. कोकणात वेंगुर्ल्याच्या संशोधन केंद्रात नीलम आणि हापूस यांच्यापासून 'रत्ना' निघाला, आणि पुढे रत्ना व हापूस यांच्यापासून पातळ कोयीचा 'सिंधू'. हापूसच हवा असा ज्यांचा हट्ट आहे, त्यांना माझा विरोध नाही. मात्र त्यांनी आधी सोळा फूट दाखवावेत.

याच प्रश्नाखाली शेवग्याचा विषय येतो. आपल्याकडे पुष्कळ घरी शेवगा दारात लावत नाहीत, अशुभ मानतात. या समजुतीची मी चेष्टा करणार नाही, कारण तिच्या तळाशी अनुभव असावा असे मला वाटते. शेवग्याचे लाकूड इतके ठिसूळ असते की चढलेले पोर फांदीसकट खाली येते. शिवाय पावसाळ्यात त्याच्या खोडावर केसाळ सुरवंटांचे थवेच्या थवे बसतात. अंगाला लागले की खाज आणि पुरळ. दारात हे नको, यात अशुभ काही नाही, शहाणपण आहे. पण परसाच्या टोकाला एक शेवगा असावा. तो वर्षभरात शेंगा देऊ लागतो. रोप कमरेएवढे झाले की शेंडा खुडावा, आणि दरवर्षी शेंगा संपल्यावर फांद्या निर्धास्तपणे छाटाव्यात. मग झाड हाताच्या उंचीत राहते आणि कोणाला चढावेच लागत नाही.

फुलझाडांतही हाच हिशोब. गुलमोहराचे उन्हाळ्यातले रूप पाहून त्याला अंगणात आणू नये. त्याची मुळे वरच्यावर पसरतात आणि वादळात ते झाड आडवे होते. रस्त्याला, मैदानाला ते शोभते. घराशी शोभणारी फुलझाडे आपल्याकडे वेगळी आहेत. पारिजातक आहे, देवचाफा आहे, थोडी जागा असेल तर बकुळ आहे. आपले राज्यफूल ताम्हण. त्याची जांभळी फुले याच दिवसांत येतात, आणि तो मध्यम आकाराचा वृक्ष आवाराच्या कोपऱ्यात चांगला बसतो. पारिजातक लावताना मात्र पुराणातली कथा आठवावी. झाड सत्यभामेच्या अंगणात आणि फुले रुक्मिणीच्या. कुंपणापासून दोन हात आत लावले तर निम्मी फुले तरी आपल्या अंगणात पडतील. आणि उरलेली शेजारी पडली तर शेजारधर्म वाढेल. पाचोळाही तिकडेच पडणार, हे ध्यानात ठेवून शेजाऱ्यांना आधी विचारावे हे उत्तम.

आता दुसरा प्रश्न: झाड मूळचे कुठले? हा प्रश्न कोणाला पंडिती वाटेल. पण झाडाला पाणी किती घालावे, याचे उत्तर बहुधा त्याच्या माहेरी सापडते.

गंमत अशी की, ज्यांना आपण अगदी घरचे समजतो, त्यांतली किती तरी झाडे परदेशातून आलेली आहेत. पेरू, पपई, चिकू, काजू ही सारी अमेरिका खंडाच्या उष्ण भागातली. सीतेचे नाव लावून बसलेले सीताफळही तिकडचेच, आणि देवळादेवळांत ज्याची फुले वाहतो तो देवचाफाही तिकडचाच. युरोपातून आलेली गलबते गेल्या चार-पाचशे वर्षांत ही झाडे इकडे घेऊन आली. चिकूचे नाव मेक्सिकोतल्या जुन्या भाषेतून आले आहे. त्याच्या चिकापासून तिकडे चघळायचा गोंद करीत. आज डहाणू-घोलवडचा चिकू देशभर नावाजलेला आहे. झाडांना नागरिकत्व मिळायला कागद लागत नाहीत, हवापाणी मानवले की पुरे. मात्र हवापाणी मानवले पाहिजे.

आपण देशावरची माणसे. आपल्याकडे पाऊस चार महिन्यांत येऊन जातो, मग हिवाळा कोरडा आणि उन्हाळा कडक. कोकणात पाऊस आपल्या कित्येक पट. आणि समुद्रामुळे हवेत बारमाही ओलावा. तिकडे माहेर असलेल्या नातेवाइकांकडून जायफळाचे किंवा मिरीचे रोप हौसेने आणले जाते. पाणी घालून माती ओली ठेवता येते, पण एप्रिलमधली हवा ओली ठेवता येत नाही. रोप करपते आणि आपण म्हणतो, हात चांगला नाही. हाताचा दोष नसतो. याउलट सीताफळ, डाळिंब, लिंबू, पेरू, पारिजातक, देवचाफा यांना आपला कोरडा काळ चांगला मानवतो. पारिजातक तर उन्हाने तापलेल्या डोंगरउतारांवर आपोआप वाढणारे झाड आहे. सीताफळ हिवाळ्याच्या शेवटी पाने गाळते आणि देवचाफा नुसत्या काठ्या होऊन उभा राहतो. नवी मंडळी घाबरतात, झाड मेले म्हणून बादल्या ओततात. ते मेलेले नसते. ते झोपलेले असते, आणि झोपलेल्याच्या तोंडात पाणी ओतू नये.

इथे मी आपल्याला या व्याख्यानातले सर्वांत उपयोगी वाक्य सांगतो. घरची झाडे तहानेने मरतात त्याहून जास्त मायेने मरतात. सकाळी आजोबा पाणी घालतात, दुपारी सूनबाई तांदळाचे धुवण ओततात, संध्याकाळी नातवंडे पाइप घेऊन उभी राहतात. मुळांना पाणी लागते तशी हवाही लागते. काळ्या मातीत पाणी साचले की हवा बाहेर जाते आणि मुळे कुजतात. पपईचे झाड तर दोन दिवस पाणी तुंबले तरी मान टाकते. तेव्हा नियम असा: मातीत बोट दोन पेरे घालून पाहावे, ओल लागली तर त्या दिवशी पाणी नको. आणि पाणी खोडाशी कधीही ओतू नये. खोडाभोवती मातीचा उंचवटा करावा, त्याच्याबाहेर आळे करावे आणि त्या आळ्यात पाणी द्यावे. लिंबू आणि पपई यांच्यासाठी बागाईतदार अशी दुहेरी आळी पिढ्यान्‌पिढ्या करीत आले आहेत.

"आमचे लिंबू एवढे वाढले, पण फूल धरत नाही," ही तक्रार मी शंभरदा ऐकली असेल. आपले बागाईतदार याचे उत्तर जाणतात. लिंबाला, डाळिंबाला ते ताण देतात. म्हणजे पाणी तोडतात. हलक्या जमिनीत तीन-चार आठवडे, भारी जमिनीत त्याहून अधिक. पाने मलूल होतात, काही गळतात. मग खत घालून पाणी सुरू केले की झाड फुलांनी भरून येते. पावसाच्या सुरुवातीला येतो तो मृग बहर, पावसाच्या शेवटी हस्त बहर, आणि थंडीच्या अखेरीस, आंब्याला मोहोर येतो त्या सुमारास, आंबे बहर. यामागचे कारण समजून घ्यावे. ज्याला वर्षभर रोज पाणी मिळते ते झाड पानेच वाढवीत राहते. विश्रांती मिळाली, थोडी चणचण भासली, की त्याचा साठा फुलांकडे वळतो. मात्र हा उपाय चार-पाच वर्षांच्या भरलेल्या झाडाला करावा. पोरवयाच्या रोपाला उपाशी ठेवू नये.

तिसरा प्रश्न कुळशीलाचा. कोय रुजवावी की कलम आणावे? हापूसची कोय लावली तर हापूस येत नाही. कोयीतला अंकुर दोन झाडांच्या मीलनातून झालेला असतो. तो आईसारखा होईलच असे नाही, आणि त्याला फळ धरायला सात-दहा वर्षे लागतात. कलम म्हणजे त्याच झाडाची फांदी, दुसऱ्याच्या मुळांवर बसवलेली. ते तीन-चार वर्षांत मोहोरते, आणि फळ हुबेहूब त्याच झाडाचे. हापूसला ज्या अफोन्सो द आल्बुकर्कचे नाव चिकटले, त्या पोर्तुगीजांच्या अमदानीत गोव्यात आंब्याची कलमे बांधण्याची विद्या भरभराटीला आली. चिकूचे कलम खिरणीच्या खुंटावर करतात. सोनचाफा बियांपासून वाढवला तर फुलांची वाट पाहण्यात आठ-दहा वर्षे जातात. कलमाला एक-दोन वर्षांत फूल येते. कागदी लिंबू मात्र बियांपासूनही आईवर जाते, कारण त्याच्या एका बीमध्ये अनेक अंकुर असतात आणि त्यांतले बरेचसे केवळ मातेच्या पेशींतून झालेले असतात. म्हणून 'साई शरबती'सारख्या चांगल्या जातीचे रोप घेतले की पुरे.

कलम आणले म्हणजे काम संपले असे नाही. माझ्याच हातून झालेली चूक सांगतो. एका कलमाच्या जोडाखालून दोन तजेलदार फुटी आल्या. मला आनंद झाला. झाड डेरेदार होणार म्हणून मी त्या राखल्या. त्या फुटी खुंटाच्या होत्या, म्हणजे रायवळ आंब्याच्या. त्यांनी वरच्या कलमाला मागे टाकले, कलम वाळून गेले, आणि सहा वर्षांनी मला जे फळ मिळाले ते लोणच्याला बरे होते एवढेच म्हणतो. तेव्हा जोड मातीच्या वर वीतभर राहील असे कलम लावावे, आणि जोडाखालची प्रत्येक फूट दिसताक्षणी काढावी. पहिली दोन-तीन वर्षे मोहोर आला तरी खुडून टाकावा. जीव कासावीस होतो, पण झाड आधी अंगाने भरू द्यावे.

जोडीदाराचे म्हणाल, तर पपईत काही झाडे नर, काही मादी आणि काही जातींत उभयलिंगी असतात. नराला लांब लोंबत्या दांड्यांवर फुलांचे घोस येतात; मादीचे फूल खोडाशी चिकटून. रोप लहान असताना ओळखू येत नाही. म्हणून एका खड्ड्यात तीन-चार रोपे लावावीत, फूल दिसले की मादी ठेवावी, आणि बाकीची काढावीत. आळीत मिळून एखादा नर राखला की दहा माद्यांना पुरतो. एकच झाड लावायचे असेल तर 'कूर्ग हनी ड्यू'सारखी जात घ्यावी, तिच्यात निव्वळ नर निघत नाहीत. कोकणातल्या आमसुलाच्या झाडाचे, रातांब्याचे, तसेच. बियांपासून वाढवलेल्यांत सुमारे निम्मे नर निघतात, आणि सात-आठ वर्षे सांभाळल्यावर ते कळते. म्हणून तिथे मादी झाडाचे कलमच हवे.

सीताफळाची अडचण निराळी आहे. त्याच्या एकाच फुलात दोन्ही अंगे असतात, पण स्त्रीकेसर आधी पक्व होतो आणि पराग नंतर सुटतात. हे परागीकरण बारीक भुंगेरे करतात. शहरात, सिमेंटच्या अंगणात, ते भुंगेरे कमी. म्हणून झाड फुलते आणि फळे मोजकीच येतात. पहाटेनंतर लगेच पूर्ण उमललेल्या फुलातले पराग मऊ कुंचल्याने घेऊन नुकत्याच उकलू लागलेल्या फुलात फिरवावेत. घरातल्या मुलांना हे काम द्यावे. शाळेतला वनस्पतिशास्त्राचा धडा त्यांना जन्मभर विसरता येणार नाही, आणि दिवाळीच्या आधी त्याचे फळही हातात येईल.

आता प्रत्यक्ष लागवडीचे चार शब्द. खड्डा उन्हाळ्यातच खणावा आणि पंधरा दिवस त्याला ऊन खाऊ द्यावे. मातीतली कीड, वाळवी त्याने कमी होते. वरची माती आणि खालची माती वेगळी ठेवावी. तळाशी पालापाचोळा, मग वरची चांगली माती आणि चांगले कुजलेले शेणखत. कच्चे शेण घालू नये. त्याने हुमणी आणि वाळवी येते. काळी चिकण माती असेल तर थोडी वाळू, मुरूम मिसळून निचरा करावा. मृगाचे एक-दोन चांगले पाऊस झाले की रोप लावावे. पिशवी ब्लेडने कापून काढावी. पिशवीसकट पुरलेली रोपे मी उकरून पाहिली आहेत. रोप पिशवीत जेवढे खोल होते तेवढेच खोल लावावे. आधाराला काठी द्यावी आणि सुतळी सैल बांधावी. आळ्यात पाचोळ्याचे बोटभर जाड आच्छादन करावे, पण ते खोडाला टेकू देऊ नये. आपण रोज सकाळी तो पाचोळा झाडून जाळतो, धूर करतो, आणि मग बाजारातून खताची पिशवी विकत आणतो. एवढा व्यवहार सुधारला तरी माझे व्याख्यान वाया गेले नाही असे मी समजेन. मोरीच्या कडेला केळ आणि अळू लावण्याची आपल्या आज्यांची रीतही विसरू नये. केळ तांत्रिकदृष्ट्या झाड नव्हे. एकदा व्याली की ती संपते आणि तिचे पिल्लू तिची जागा घेते. भिंतीजवळ लावायला म्हणूनच ती निर्धोक.

"आम्ही चौथ्या मजल्यावर राहतो, आम्हांला हे कशाला?" असे मनात म्हणणारी मंडळी इथे निम्म्याहून अधिक असतील. त्यांना अंगण नाही, पण गच्ची असेल. कोल्हापूरच्या श्रीपाद अच्युत दाभोळकरांनी आणि त्यांच्या प्रयोग परिवारातल्या मंडळींनी गच्चीवर, पाचोळा आणि स्वयंपाकघरातला ओला कचरा कुजवून त्यात भाज्या आणि फळझाडे वाढवून दाखवली. त्यांच्या पद्धतीचा मोठा गुण असा की माती थोडीच लागते. याचे महत्त्व वजनात आहे. एक घनफूट ओली माती सुमारे 50 किलो भरते. म्हणजे दोन फूट लांब-रुंद-खोल वाफा 400 किलोचा झाला. असे चार वाफे मध्यावर मांडण्याआधी इमारतीच्या स्थापत्यकाराला विचारावे, पिंपे खांब आणि तुळया यांच्या वर ठेवावीत, आणि गच्चीला गळती नाही याची खात्री करावी. अर्ध्या पिंपात लिंबू, कढीलिंब, डाळिंब, अंजीर, पेरू आणि देवचाफा आनंदाने राहतात. तळाला भोके हवीत, आणि दर दोन वर्षांनी झाड उपसून कडेची गुंडाळलेली मुळे छाटून नवे खतमाती भरायला हवी. देवचाफ्याची फांदी लावताना ती आठवडाभर सावलीत वाळू द्यावी, चीक सुकला की मग रोवावी. ओली लावली तर कुजते. आणि ज्यांच्या सज्जात जेमतेम दोन तास ऊन येते, त्यांनी फळाची आशा धरू नये. फळ म्हणजे साठवलेले ऊन. त्यांनी कढीलिंबावर समाधान मानावे. रोजच्या फोडणीला तोच उपयोगी पडतो.

कोणी विचारील, एवढे सारे हिशोब मांडून झाड लावायचे, तर त्यातली हौस कुठे राहिली? मला वाटते, खरी हौस हिशोबानंतरच सुरू होते. फळझाडाला आपण काही तरी मागतो. फुलझाडाला तेवढेही मागत नाही. पारिजातक रात्री फुलतो आणि पहाटे सारे ओतून मोकळा होतो. देवचाफा तर एवढा मिस्कील, की त्याच्या फुलात मधच नसतो. रात्री उडणारे मोठे पतंग सुगंधाला भुलून येतात, मध शोधत एका फुलावरून दुसऱ्यावर जातात आणि त्याचे काम फुकटात करून देतात. हे पाहायला अंगणात खुर्ची टाकून बसावे लागते, आणि झाड तिथे पुष्कळ वर्षे असावे लागते. जे झाड उद्या तोडायचे आहे त्याच्याखाली निवांत बसता येत नाही.

त्या आजींची गोष्ट पुरी करून थांबतो. त्यांच्या उरलेल्या जागेत आंबा बसत नव्हता, हे त्यांना माझ्याआधी कळले. पुढच्या उन्हाळ्यात त्यांनी नातवाच्या हातात टेप दिला आणि भिंतीपासून दहा फूट स्वतः उभे राहून मोजून घेतले. जागा जुन्या खोडापासून थोडी बाजूला आली. तिथे त्यांनी कागदी लिंबाचे रोप लावले. पाचव्या वर्षी त्याला बहर आला. मला त्यांनी पिशवीभर लिंबे पाठवली आणि सोबत निरोप दिला की, आता हे झाड माझ्यामागे कोणाला तोडावे लागणार नाही.

मंडळी, मृग लागायला अजून थोडा अवकाश आहे. खड्डा खणण्याचे दिवस हेच. आज घरी गेल्यावर रोपवाटिकेत जाण्याची घाई करू नका. आधी टेप काढा, अंगण मोजा, आणि त्या जागेत विसाव्या वर्षीचे झाड मावते का ते पाहा. मावत असेल तर खुशाल लावा.